तारीख काढता येईल असा फोटो

२०१७ च्या जुलैत गुगलच्या संशोधकांनी एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी संगणकाला निसर्ग छायाचित्रकाराचं काम दिलं होतं. त्यासाठी डोंगर चढायची गरज नव्हती. गुगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूसाठी आधीच टिपून ठेवलेली चहूबाजूंची दृश्यं त्याच्यापुढे ठेवली होती. आल्प्स, कॅनडातली बॅन्फ आणि जॅस्पर ही राष्ट्रीय उद्यानं, कॅलिफोर्नियातला बिग सरचा किनारा, यलोस्टोन. त्यातून संगणकानं चांगली चौकट हेरायची, कडा छाटायच्या, रंग चढवायचे, उजेड कुठे पाडायचा आणि सावली कुठे हे ठरवायचं, आणि तयार फोटो हातावर ठेवायचा. हे फोटो मग इतर बऱ्यावाईट फोटोंत मिसळून व्यावसायिक छायाचित्रकारांना दाखवले. कुणी काढलेत ते अर्थातच सांगितलं नाही. गुण एक ते चार. संगणकानं स्वतः ज्या फोटोंना वरचा दर्जा दिला होता, त्यातल्या साधारण ४० टक्के फोटोंना या मंडळींनी अर्धव्यावसायिक किंवा व्यावसायिक पातळीचे गुण देऊन टाकले.

त्याच वर्षी आर्सेनल नावाची एक डबी लोकवर्गणीतून बाजारात आणायची घोषणा झाली. ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची. समोरचं दृश्य हजारो फोटोंशी ताडून ती एक्सपोजर म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते ठरवणार, फोकस ठरवणार. त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं आणि यातली बहुतेक करामत खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली.

अशा बातमीवर फोटोग्राफर मंडळींचा गळा ठरलेल्या सुरात भरून येतो. आम्ही रात्री दोनला गड चढायला लागतो, गारठ्यात कुडकुडत सूर्याची वाट बघतो, पाठीवर दहा किलोचं ओझं असतं, आणि हे यंत्र एसी खोलीत बसून आमच्या पंक्तीला येणार? हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. घाम फोटोत दिसत नाही. रात्रभर जागून काढलेला वाईट फोटो वाईटच असतो, आणि एसटीच्या खिडकीतून सहज टिपलेला एखादा फोटो जन्मभर पुरतो. कष्टांबद्दल आदर वाटतो, पण फोटोचा भाव कष्टांवर लावायचा तर सगळ्यात मोठे छायाचित्रकार आपल्या सामान वाहणाऱ्या गाववाल्यांना म्हणावं लागेल.

आणि खरं सांगायचं तर या क्षेत्रात यंत्र यायच्या आधीच माणसं यंत्रासारखी वागायला लागली होती. सूर्य कुठल्या खिंडीतून उगवणार ते ॲप सांगतं. उभं कुठे राहायचं ते गुगल मॅप्सवरची खूण सांगते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी एखाद्या नावाजलेल्या धबधब्यावर जाऊन बघा, एकाच दगडावर चढून एकच चौकट टिपायला रांग लागलेली असते. पुढे दगड, मध्ये पाणी दुधासारखं ओघळलेलं, वर काळेभोर ढग, आणि शक्यतो एक पिवळा रेनकोट. गुगलच्या त्या प्रणालीला सौंदर्य शिकवलं ते असं: आधी तिला छायाचित्रकारांचे वाखाणलेले फोटो दाखवले, मग तेच फोटो रंग-उजेडाचे खुंटे पिळून मुद्दाम बिघडवून दाखवले, आणि दोन्हींतला फरक ओळखायला लावलं. म्हणजे तिनं डोंगर पाहिला नाही, आपली आवड पाहिली. आपली आवड इतकी ठरलेली निघाली, की यंत्राला ती उचलता आली. याचं खापर यंत्रावर फोडण्यात अर्थ नाही.

तेव्हा एक्सपोजर यंत्रानं ठरवावं, क्षितिज सरळ करावं, दहा फोटोंतून एक निवडून द्यावा, चौकटसुद्धा सुचवावी. माझी काही हरकत नाही. माझी हरकत त्यापुढच्या एका पायरीला आहे, आणि ती समजावून सांगायला एका जुन्या चंद्राची गोष्ट सांगावी लागेल.

ॲन्सेल ॲडम्स हे अमेरिकन निसर्ग छायाचित्रणातलं मोठं नाव. न्यू मेक्सिको राज्यात संध्याकाळी गाडीनं परतताना त्याला हर्नांडेझ या लहानशा गावावर उगवलेला चंद्र दिसला. खाली चर्च, स्मशानातले पांढरे क्रूस, त्यांच्यावर मावळतीचं शेवटचं ऊन, मागे बर्फाची डोंगररांग. गाडी थांबवून त्यानं भलामोठा कॅमेरा उभा केला, तर प्रकाशमापक सापडेना. चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रूसांवरचं ऊन गेलं.

ही झाली दंतकथेसारखी सांगितली जाणारी बाजू. मला जास्त रस आहे तो पुढे काय झालं त्यात. ॲडम्सनं या निगेटिव्हवर पुढची कित्येक दशकं काम केलं. शेकडो प्रिंट काढल्या, आणि उत्तरोत्तर आकाश काळं करत नेलं. निगेटिव्हमध्ये वरच्या बाजूला विरळ ढग आहेत. नंतरच्या प्रिंटमध्ये ते डार्करूमच्या काळोखात पार बुडालेले आहेत. त्या संध्याकाळी तिथे उभ्या असलेल्या माणसाला असं रात्रीसारखं आकाश दिसलं नव्हतं. मग हा फोटो खोटा का?

याच फोटोच्या बाबतीत एक मजेशीर अडचण होती. तो काढला कधी हे ॲडम्सला नीट आठवत नव्हतं. वेगवेगळ्या ठिकाणी त्यानं वेगवेगळी सालं सांगितली होती. शेवटी खगोलशास्त्र जाणणारी मंडळी कामाला लागली. गाव ठाऊक, डोंगररांग ठाऊक, चंद्राची कला आणि उंची फोटोत दिसते, म्हणजे गणित मांडता येतं. आधी डेव्हिड एल्मोर यांनी एक तारीख काढली. मग डेनिस डी चिको यांनी कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते हुडकून हिशेब सुधारला. उत्तर आलं १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं.

काढणाऱ्याच्या स्मरणातून निसटलेली तारीख फोटोनं जपून ठेवली होती. आकाश काळं केलं, ढग बुडवले, क्रूस उजळले, तरी तारीख शाबूत राहिली. कारण ॲडम्सनं चंद्राला हात लावला नव्हता. जे जिथे होतं ते तिथेच होतं. रेषा ओढायची असेल तर ती इथे ओढावी असं मला वाटतं. फोटोवर किती संस्कार केले हा प्रश्न दुय्यम आहे. पन्नास वर्षांनी कुणी जाणकार त्यावरून काही शोधू गेला, तर त्याला खरं उत्तर मिळेल की तो फसेल, एवढंच बघावं.

आता दुसरा चंद्र. २०२३ च्या मार्चमध्ये एका माणसानं चंद्राचा फोटो मुद्दाम इतका धूसर केला की त्यात विवरं-डाग काही उरलं नाही. तो फोटो त्यानं संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोननं टिपला. फोनमधल्या फोटोत चंद्रावर विवरं उमटली. पडद्यावर नसलेली विवरं आली कुठून? कंपनीचं म्हणणं असं होतं की त्यांची प्रणाली चंद्र ओळखते आणि त्याचा तपशील ‘खुलवते’. चंद्र नेहमी तीच बाजू दाखवतो, त्यामुळे या प्रकारात कुणाचं फारसं बिघडलं नाही, लोक हसले आणि विसरले. पण डोंगर चंद्रासारखा नसतो. तो बदलतो. बदलतो म्हणूनच त्याचा फोटो काढून ठेवण्यात अर्थ आहे.

या जातीची सोय आता सगळीकडे आहे. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलायचं बटण आलं. बेरंगी दुपार असेल तर एका टिचकीत सोनेरी सांज. पुढच्या वर्षी गुगलनं फोनमध्ये नको ती वस्तू पुसायची सोय दिली, आणि २०२४ मध्ये लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरनं पुसलेल्या जागी काय असावं ते कल्पनेनं भरून द्यायला सुरुवात केली. विजेची तार, मागचा माणूस, प्लॅस्टिकची पिशवी, मोबाइलचा टॉवर. बोट फिरवलं की तिथे गवत उगवतं.

याचे नमुने आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर मध्यंतरी एका गडाचा फोटो आला. बुरुजावर आकाशगंगेचा झगझगीत गाभा, खाली कुणीतरी डोक्याला दिवा लावून वर बघतंय, आणि ओळ होती ‘डिसेंबरअखेरची रात्र’. अंगठ्यांचा पाऊस पडला. आता डिसेंबरअखेर म्हणजे धनुर्मास. सूर्य धनू राशीत. आकाशगंगेचा गाभा नेमका त्याच अंगाला, मूळ नक्षत्रापाशी. म्हणजे त्या दिवसांत तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो, रात्रीच्या आकाशात तो असूच शकत नाही. आजीला धनुर्मासाच्या भल्या पहाटेची बाजरीची खिचडी ठाऊक असते, पण तिच्या नातवाला ग्रहताऱ्यांचं एवढं साधं पथ्य पाळायची गरज वाटत नाही. फोटो देखणा होता, हे मान्य.

इंद्रवज्राचं त्याहून वाईट आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते दिसतं. सूर्य पाठीशी हवा, समोर दरीत धुकं हवं, मग धुक्यावर गोल रंगीत कडं उमटतं आणि त्याच्या बरोबर मध्यभागी बघणाऱ्याची स्वतःची सावली पडते. प्रत्येकाला आपापलीच सावली मधोमध दिसते, ही त्यातली गंमत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पाहिलं आणि लिहून ठेवलं. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये, ही त्याआधीची नोंद. साइक्सकडे फोटो नव्हता, तरी लोकांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आज कुणी खराखुरा फोटो टाकला तर पहिली प्रतिक्रिया येते, ‘एआय आहे ना?’ आणि शंका घेणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? बनवलेल्या इंद्रवज्रांत सूर्य त्याच चौकटीत कड्यामागून डोकावताना मी पाहिला आहे. सूर्य समोर असताना इंद्रवज्र दिसत नाही. पण यंत्राला दोन सुंदर गोष्टी एकत्र आल्या की अधिक सुंदर होतं एवढंच ठाऊक.

मिरवायला घातलेल्या फोटोंत आकाशगंगा चुकली म्हणून जग बुडत नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण भर घातलेल्या गोष्टींपेक्षा पुसलेल्या गोष्टी जास्त घातक असतात, आणि त्या पकडता येत नाहीत.

सुंदर निसर्ग म्हणजे माणूस नसलेला निसर्ग, ही समजूत यंत्राची नाही. कार्लटन वॉटकिन्सनं १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचे भव्य फोटो काढले. ते वॉशिंग्टनपर्यंत पोचले, आणि १८६४ मध्ये लिंकननं ती दरी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली त्यात या फोटोंचा मोठा वाटा मानला जातो. निसर्ग छायाचित्रणाच्या इतिहासातली ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या फोटोंतली दरी अस्पर्श, निर्मनुष्य दिसते. पण जेमतेम दहा वर्षं आधी, १८५१ मध्ये, तिथल्या मूळ रहिवासी अह्वानीची लोकांना सशस्त्र तुकडी पाठवून हुसकावलं होतं. कॅमेरा पोचायच्या आधीच दरी ‘पुसून’ झाली होती. पुढची दीडशे वर्षं आपण त्याच नजरेचे फोटो वाखाणले, आणि आता तेच वाखाणलेले फोटो यंत्राच्या अभ्यासाला लावले. मग त्यानं तारा, टपऱ्या, गोठे आणि माणसं खोडायला शिकावं यात नवल काय?

सह्याद्रीत हे खोडणं फार महागात पडेल. इथे निर्मनुष्य डोंगर जवळपास नाहीच. कड्याखाली ठाकरवाडी असते, पठारावर धनगरवाडा असतो, उतारावर नाचणी-वरईची शेतं असतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पारसिकच्या डोंगराचे खाणींनी तोडलेले लचके लांबून दिसतात. फोटोला ‘डाग’ वाटणाऱ्या याच गोष्टी त्या जागेचा इतिहास सांगतात. इर्शाळगड हा मुंबई-पुण्याच्या ट्रेकर्सचा लाडका, त्याच्या सुळक्याचे आणि नेढ्याचे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाचे, फोटो कितीतरी निघाले असतील. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच डोंगराची दरड खालच्या इर्शाळवाडीवर आली. अशा घटनेनंतर लोक जुने फोटो काढून बघतात. उतारावर झाडं किती होती, भेग आधी होती का, पाणी कुठून वाहायचं, घरं कुठवर होती. सुळका सुरेख दिसावा म्हणून खालची वाडी आणि उतारावरचा ओरखडा ज्या फोटोंत खोडलेला असेल, ते अशा वेळी कुणाच्याही उपयोगाचे नाहीत. उपयोगाचे नाहीत एवढ्यावर भागलं तर नशीब, ते दिशाभूलही करतील.

अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात भूशास्त्र विभागाच्या लोकांनी १९९७ पासून एक काम चालवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौशी प्रवाशांनी आणि छायाचित्रकारांनी जिथून हिमनद्यांचे फोटो काढले, त्याच जागी जाऊन पुन्हा तोच फोटो काढायचा. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फ किती गेलं ते कुणालाही कळतं. जुने फोटो काढणाऱ्यांच्या मनात विज्ञान वगैरे काही नव्हतं, त्यांना देखावा आवडला होता. पण त्यांच्याकडे ‘थोडं बर्फ वाढव’ असं बटण नव्हतं, म्हणून आज ते फोटो कामी आले.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. फोटो कधीच पूर्ण खरा नसतो. कासच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात तेव्हा ती वितीएवढीही उंच नसतात. फोटोग्राफर पोटावर झोपतो, रुंद कोनाचं भिंग फुलांच्या नाकाशी नेतो आणि जांभळा समुद्र उभा करतो. तो फोटो बघून गेलेला पर्यटक पठारावर उभा राहून विचारतो, ‘एवढीच?’ मग ही फसवणूक चालते आणि आकाश बदलणं चालत नाही, असं का?

फरक आहे. त्या फोटोत दिसणारं प्रत्येक फूल त्या दिवशी तिथे होतं. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्यावरून जाती मोजू शकतो, कुठल्या आठवड्यात काय फुललं ते सांगू शकतो. पर्यटकाचा अपेक्षाभंग झाला, अभ्यासकाचा होणार नाही. उलट यंत्रानं रिकाम्या मातीवर फुलं भरली, तर पर्यटक कदाचित तेवढाच निराश होईल, पण त्या फोटोतून कासबद्दल कुणालाच काही शिकता येणार नाही. ॲडम्सनं बुडवलेल्या ढगांबद्दल मात्र मला थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या दिवशीच्या हवामानाबद्दल विचारलं तर त्याच्या नंतरच्या प्रिंट खोटं सांगतील. पण निगेटिव्ह आहे, आणि तिच्यात ढग आहेत. मूळ जपलेलं असलं की वरच्या कारागिरीचं एवढं भय राहत नाही.

माझं मागणं त्यामुळे बंदीचं नाही. दिवाणखान्यात लावायला कुणी रायगडावर तीन चंद्र उगवून घेतले तरी हौसेला मोल नाही. फोटो जिथे साक्ष म्हणून पुढे केला जातो तिथे नियम हवेत. पर्यटनाची सरकारी जाहिरात, वर्तमानपत्र, पर्यावरण मंजुरीच्या अहवालाला जोडलेले जागेचे फोटो, स्पर्धा. आणि शेत. शेत या यादीत बघून काहींना आश्चर्य वाटेल. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो चढवतो आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. पीकविम्यात नुकसानीची सूचना द्यावी लागते तिथे तिलाही फोटो जोडता येतात. फोनचे कॅमेरे हिरवळ ओळखून हिरवा रंग चढवतात हे आपण रोज बघतो. पिवळ्या मोझॅक रोगानं गेलेल्या सोयाबीनवर एखाद्या फोननं न विचारता हाच प्रताप केला, तर त्या शेतकऱ्यानं दाद कुणाकडे मागायची? म्हणून पहिली गोष्ट, भर घालणाऱ्या आणि पुसणाऱ्या सगळ्या सोयी फोनमध्ये बंद स्थितीत याव्यात. ज्याला हव्यात त्यानं चालू कराव्यात. आज बरंचसं उलट आहे.

दुसरी गोष्ट तंत्राची. फोटो निघतानाच त्याच्यावर सही-शिक्का उमटवायची आणि पुढचा प्रत्येक फेरफार नोंदवायची पद्धत तयार झाली आहे. २०२३ मध्ये लायका या महागड्या कॅमेऱ्यांच्या कंपनीनं अशी सोय असलेला पहिला कॅमेरा आणला. चांगलं पाऊल आहे, पण लायका घेणारे आपल्याकडे किती? शिवाय फोटो व्हॉट्सॲपवरून दोन ग्रुप फिरला की अशी नोंद गळून पडते. तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही.

स्पर्धांनी मात्र आजच काही करायला हरकत नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानं यंत्राकडून बनवलेलं चित्र सोनीच्या जागतिक छायाचित्रण स्पर्धेत धाडलं, ते जिंकलं, आणि त्यानं बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यानं उलटा डाव टाकला. फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला आणि तोही बक्षीस घेऊन आला. नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही हे दोघांनी मिळून सिद्ध केलं. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली संस्कार न केलेली मूळ फाइल, मागतात. आपल्याकडच्या गडकिल्ले, पाऊस, निसर्ग अशा गावोगावच्या स्पर्धांनीही ती मागावी. मोबाइलवाल्यांकडे रॉ नसते अशी तक्रार येईल. त्यांच्यासाठी अर्जात तीन रकाने वाढवावेत: तारीख, वेळ, आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं. रात्रीचे फोटो पंचांग उघडून निम्म्याहून अधिक तपासता येतात, आणि दिवसाच्या फोटोंना सावल्या पुरतात.